विचारणारे आणि सांगणाऱ्या



शाळा आणि शिक्षण यांवर संशोधन करणारी माणसं आपल्या मुरुमला आता नवी राहिलेली नाहीत. कुणी बी.एड.ची विद्यार्थिनी असते, कुणी पीएच.डी. करत असतं, कुणी एखाद्या संस्थेकडून आलेलं असतं. वही उघडतात, मोबाईलवर रेकॉर्डिंग लावतात आणि विचारतात, "ताई, मुलीला शाळेतून का काढलं?" दारी आलेल्याला पाणी द्यायचं आणि विचारलेल्याचं उत्तर द्यायचं, ही आपली रीत. आपण सांगून टाकतो. वही मिटते, माणूस बस धरून निघून जातो. आपण जे सांगितलं ते पुढं कुठं गेलं, कुणाच्या नावावर लागलं, कुणी वाचलं, हे सहसा कळत नाही.

सांगितलेल्या गोष्टीवर सांगणारीचा हक्क असतो का? जगानं आज या प्रश्नाला 'असतो' असं उत्तर दिलेलं आहे, आणि त्याचे नियमही झाले आहेत. पण ते सहजासहजी झालेले नाहीत. त्यांचा इतिहास आपल्याला माहीत असावा, म्हणून आजचं बोलणं.

सुरुवात १८८२ सालापासून करू. त्या वर्षी इंग्रज सरकारनं विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. आयोगानं ठिकठिकाणच्या लोकांचं म्हणणं नोंदवून घेतलं. महात्मा जोतीराव फुले यांनी १९ ऑक्टोबर १८८२ ला दिलेलं लेखी निवेदन प्रसिद्धच आहे. त्याच वर्षी पुण्यात पंडिता रमाबाईंची साक्ष झाली. त्या अवघ्या २४ वर्षांच्या होत्या, काही महिन्यांपूर्वीच विधवा झालेल्या, पदरात लहान मुलगी. त्यांनी सांगितलं, की मुलींना शिकवायला शिक्षिका हव्यात, मुलींच्या शाळा तपासायलाही बायका हव्यात, बायकांसाठी बायका डॉक्टर हव्यात. शिकलेल्या पुरुषांतलेच बहुतेक जण स्त्रीशिक्षणाच्या विरोधात आहेत, हेही त्यांनी आयोगाला ऐकवलं.

या साक्षीत एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. रमाबाईंना ठाऊक होतं, की विचारणारा कोण आहे, कशासाठी विचारतो आहे आणि आपलं बोलणं कुठं जाणार आहे. स्वतःच्या नावानं बोलायचं हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं. विचारणारा आणि सांगणारी यांच्यात जे असायला हवं, ते बरंचसं तिथं होतं. मात्र आयोगानं विचारलं ते अधिकाऱ्यांना, मिशनऱ्यांना, जाणत्या माणसांना. शाळेच्या जोत्यावर बसलेल्या मुलीला किंवा शाळेची पायरीच न चढलेल्या बाईला विचारायची तेव्हा पद्धत नव्हती.

पुढं विसाव्या शतकात साध्या माणसांना विचारायला सुरुवात झाली, पण कोणत्या नावानं? आपली जुनी मराठी पाठ्यपुस्तकं उघडून पाहा. ज्याच्यावर अभ्यास करायचा तो माणूस 'प्रयोज्य'. म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो. शंभर घरांतून निवडलेली दहा घरं म्हणजे 'नमुना'. प्रश्नांची उत्तरं देणारी बाई म्हणजे 'उत्तरदाता'. तिनं प्रश्न विचारायचा नाही, फक्त उत्तर द्यायचं. शब्द असे असले की वागणूकही तशीच होते.

ती कुठवर जाऊ शकते, हे वैद्यकीय संशोधनात आधी दिसलं. दुसऱ्या महायुद्धात नाझी डॉक्टरांनी कैद्यांवर केलेल्या प्रयोगांचा खटला चालला आणि १९४७ साली न्यूरेम्बर्गची संहिता आली. माणसानं समजून-उमजून, स्वखुशीनं संमती दिल्याशिवाय त्याच्यावर प्रयोग करायचा नाही, हे तिचं पहिलं कलम. तरीही अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथं १९३२ पासून १९७२ पर्यंत सुमारे ६०० गरीब काळ्या पुरुषांवर एक अभ्यास चालू राहिला. त्यातल्या दोन तृतीयांश जणांना उपदंश होता. त्यांना ते धड सांगितलं नाही, आणि पेनिसिलिनचा उपचार सापडल्यावरही तो दिला नाही. हे उघड झाल्यावर तिथं आयोग बसला आणि १९७९ साली बेल्मॉन्ट अहवाल निघाला. माणसाचा मान राखा, त्याचं भलं पाहा, आणि ओझं एकावर व फायदा दुसऱ्याला असं होऊ देऊ नका, अशी तीन तत्त्वं त्यानं मांडली.

हे परदेशातलंच आहे असं मात्र समजू नका. आपल्याच देशात, दिल्लीत, १९७० आणि १९८० च्या दशकांत भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या एका संस्थेनं अकराशेच्या वर बायकांच्या गर्भाशयमुखातल्या बदलांवर नजर ठेवली. हे बदल पुढं कर्करोगाकडं जातात का, ते पाहायचं होतं. उपचार न करता पाहिलं गेलं, आणि काहींना कर्करोग झाला. १९९७ साली ही गोष्ट वर्तमानपत्रांतून बाहेर आली, तेव्हा बायका निरक्षर होत्या म्हणून तोंडी संमती घेतली होती, असं उत्तर देण्यात आलं. हे उत्तर आपण बायकांनी नीट लक्षात ठेवायला हवं. जिला वाचता येत नाही तिला समजावून सांगायला उलट जास्त वेळ द्यायचा असतो. इथं तिच्या निरक्षरतेचा उपयोग सांगणं टाळायला झाला.

पुढं २००० साली त्याच परिषदेनं सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांच्या इंग्रजी नावात माणसांसाठी 'सब्जेक्ट' हा शब्द होता, म्हणजे आपला 'प्रयोज्य'च. २००६ च्या आवृत्तीत तो जाऊन 'पार्टिसिपंट' आला, म्हणजे 'सहभागी'. सहा वर्षांत एक शब्द बदलला, पण त्यामागं कितीतरी माणसांचं सोसणं होतं.

आता कुणी म्हणेल, ही सगळी दवाखान्याची गोष्ट झाली. शाळेविषयी चार प्रश्न विचारण्यात कसली इजा? सुईनं होते तशी इजा इथं होत नाही, हे खरं. पण शब्दानं होते. मुंबईच्या 'सेहत' या संस्थेच्या पुढाकारानं २००० सालीच आरोग्यावरच्या सामाजिक संशोधनासाठी वेगळी नीतितत्त्वं तयार झाली, ती ही इजा ओळखूनच. सामाजिक अभ्यासात मिळालेली माहितीसुद्धा माणसाचं घर मोडू शकते, नोकरी घालवू शकते, गावात तोंड दाखवणं अवघड करू शकते.

शिक्षणावरचा अभ्यास जेव्हा आकड्यांचा असतो, तेव्हा आपण हजारांतलं एक टिंब असतो. पण आता बरेच अभ्यास बोलण्यावर उभे असतात. मुलाखत, गटचर्चा, वर्गात बसून निरीक्षण. याला गुणात्मक संशोधन म्हणतात. महाराष्ट्रात असं मोलाचं काम झालेलं आहे. फ्रेंच अभ्यासक वेरोनिक बेनेई यांनी कोल्हापूरच्या प्राथमिक शाळांत बसून मुलं देश आणि भाषा कशी शिकतात ते पाहिलं. त्यांचं पुस्तक २००८ साली आलं. पुण्याच्या येरवड्यात वाढलेल्या शैलजा पाईक यांनी दलित स्त्रियांशी बोलून त्यांच्या शिक्षणाचा इतिहास लिहिला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. अशा कामात बाईची गोष्ट हाच सगळा ऐवज असतो. म्हणून जपणूकही जास्त लागते.

आता आपल्याकडं येऊ. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या भागात कुणाला सांगावी लागत नाही. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावं झोपेतच गाडली गेली. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. सास्तूर तेव्हा आपल्याच उमरगा तालुक्यात होतं. लोहारा तालुका नंतर वेगळा झाला. भूकंपानंतर या भागात कागद घेऊन येणाऱ्या माणसाला फार मोठं वजन आलं. कुणाचं घर किती पडलं, कोणतं गाव हलवायचं, कोणतं जागेवरच बांधायचं, हे सगळं याद्यांवर ठरत होतं. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. अशा भागात 'सर्व्हे' या शब्दाचा अर्थ लोकांच्या मनात एकच बसला. नाव लागलं तर काही मिळणार, राहिलं तर काही जाणार.

म्हणून आजही वही घेऊन कुणी दारात आलं, तर आपल्याकडची बाई 'नाही' म्हणत नाही. मुलीची शिष्यवृत्ती येईल, घरकुल येईल, असं तिला वाटतं. संशोधकानं खोटं आश्वासन दिलेलं नसलं, तरी तो गैरसमज तसाच राहू दिला तर ती संमती खरी नव्हे. 'यातून तुम्हाला काही मिळणार नाही, आणि नाही म्हटलात तर काही जाणारही नाही,' हे आधी आपल्या भाषेत सांगायला हवं. आपल्या भागात ती भाषा कानडी असेल, दखनी असेल, तांड्यावर गोरमाटी असेल. शासकीय मराठीतल्या छापील कागदावर अंगठा घेतला म्हणजे समजावणं झालं, असं नाही.

त्याच भूकंपाच्या काळात वेगळी वाटही दिसली. घरांच्या दुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या कामात 'स्वयम् शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या पुढाकारानं लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गावातल्याच बायका 'संवाद सहायक' म्हणून काम करू लागल्या. त्या घराघरांतली माहिती वर नेत, आणि वरची माहिती घराघरांत आणत. योजना काय, पैसे किती, बांधकाम कसं, हे बायकांना कळू लागलं. माहितीचा रस्ता दोन्ही बाजूंनी वाहता असू शकतो, हे आपल्याच भागातल्या बायकांनी दाखवलेलं आहे.

यानंतरचा प्रश्न नावाचा. संशोधक म्हणतात, "घाबरू नका, तुमचं नाव येणार नाही." शहरात एवढं पुरेल. आपल्याकडं पुरतं का? आयर्लंडमधल्या एका खेड्याची गोष्ट सांगतो. नॅन्सी शेपर-ह्यूज या अमेरिकन अभ्यासक १९७४-७५ मध्ये तिथं राहिल्या. लोकांनी त्यांना घरात घेतलं, मनातलं सांगितलं. १९७९ साली पुस्तक आलं. गावाला खोटं नाव दिलं होतं, माणसांची नावंही बदलली होती. तरी एका पत्रकारानं गाव ओळखलं, आणि गावकऱ्यांनी तर पानापानांवर एकमेकांना ओळखलं. वीस वर्षांनी, १९९९ मध्ये, त्या पुन्हा तिथं गेल्या, तेव्हा गावानं त्यांना निघून जायला सांगितलं.

आता समजा, एखाद्या अहवालात लिहिलं, की मुरुमच्या अमुक शाळेतली नववीतली मुलगी, आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, आजीपाशी राहते, दिवाळीत लग्न ठरलं. नाव कुठंच नाही. पण आपल्या बाजारात भाजी विकणारी मावशीसुद्धा सांगेल, ही कुणाची पोर. मग त्या मुलीनं मुलाखतीत बापाविषयी जे सांगितलं असेल, ते बापापर्यंत पोचायला किती वेळ लागेल? नाव झाकलं तरी गाव, गल्ली, धंदा, नातं यांतून माणूस उघडा पडतो. म्हणून लहान गावात काम करणाऱ्यानं खुणाही झाकाव्या लागतात, आणि काही गोष्टी ऐकूनही लिहायच्या नसतात.

गुप्ततेला दुसरी बाजूही आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळेल त्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संशोधकही त्यातून सुटत नाही. तेव्हा 'तू काहीही सांग, मी कुणालाच सांगणार नाही,' असं वचन मुलीला देणं हीच फसवणूक आहे. कुठवर गुपित राखता येईल आणि कुठं कळवावंच लागेल, हे आधी सांगायचं. मग काय बोलायचं ते तिला ठरवू द्यायचं.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, पालकांनी सही केली, म्हणजे झालं असं आपण धरतो. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी, ती आरोग्य संशोधनाची असली तरी, मुलांची स्वतःची तयारीही विचारायला सांगितलं आहे. ७ ते १२ वयाच्या मुलांची तोंडी, १२ ते १८ वयाच्या मुलांची लेखी. शाळेत याची गरज दुप्पट आहे. आपल्या शिक्षिका आणि बी.एड.च्या मुली कृती संशोधन करतात, म्हणजे आपल्याच वर्गातल्या मुलांचा अभ्यास करतात. बाईंनी विचारलं तर कोणतं मूल नको म्हणेल? गुण बाईंच्याच हातात आहेत. तिथं सहभागाचा गुणांशी संबंध नाही हे नुसतं सांगून भागत नाही. ज्यानं भाग घेतला नाही त्याला वर्गात वेगळं वाटणार नाही, अशी व्यवस्था करावी लागते.

आणि कधी आपल्या बोलण्यात दुसरंच कुणी येतं. एखादी आजी निजामाच्या काळातली उर्दू शाळा सांगता सांगता रझाकारांच्या आणि पोलीस ॲक्शनच्या दिवसांवर येते. त्यात शेजारच्या घराचं नाव निघतं. आजीनं संमती दिलेली असते, शेजाऱ्यानं नाही. त्याची नातवंडं आज आपल्या नातवंडांबरोबर शाळेत जातात. इथं ऐकणाऱ्यानं हात राखून लिहायचं असतं.

मग प्रत्येक वेळी नाव लपवायचंच का? तसंही नाही, आणि हे आपल्याला महाराष्ट्रातल्याच बायकांनी शिकवलं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून त्यांच्या आठवणी नोंदवल्या. १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आलं. चळवळीत होत्या, शाळा आणि वसतिगृहांसाठी झटल्या, सभा गाजवल्या, तरी इतिहासात ज्यांची नावंच नव्हती, त्या बायका. त्यांची नावं गुप्त ठेवली असती तर दुसऱ्यांदा अन्याय झाला असता.

तसंच काम जात्यावरच्या ओव्यांचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या जमवल्या. ओवी परंपरेची असते, कुणा एकीची नसते, असं म्हणून त्यांना नावं गाळता आली असती. त्यांनी तसं केलं नाही. ओवी कुणी गायली, कोणत्या गावात, हे नोंदवून ठेवलं. तीन हजारांवर बायकांची नावं त्यात आहेत. पुढं 'पारी'नं हा ठेवा २०१७ पासून लोकांसमोर आणला, तेव्हा त्या नोंदींच्या आधारे गायिकांना पुन्हा शोधून भेटता आलं. नाव लिहिलेलं होतं म्हणून परत जाता आलं.

म्हणजे नाव लावायचं की झाकायचं, याचं एकच उत्तर नाही. ते ठरवायचा हक्क मात्र सांगणारीचा. आणि ती आज हो म्हणाली तर उद्या नाही म्हणू शकते. मुलाखत अर्ध्यावर थांबवू शकते. 'हे लिहू नका' असं म्हणू शकते.

आम्ही या कार्यक्रमासाठी तुमच्याशी बोलतो, तेव्हा हेच नियम आम्हालाही लागू आहेत. रेडिओवर तर नाव झाकलं तरी आवाज ओळखू येतो. म्हणून आम्हाला विचारायचा जितका हक्क आहे, त्याहून मोठा हक्क तुम्हाला गप्प राहण्याचा आहे.

संशोधकांना दार बंद करा, असं आमचं म्हणणं मुळीच नाही. मुली शाळा का सोडतात हे कुणी विचारलंच नाही, तर ते कुणाला कळणारही नाही, आणि रमाबाईंच्या आधी जसं होतं तसं आपल्या वतीनं दुसरेच बोलत राहतील. विचारणाऱ्यांना बसायला सतरंजी द्या, चहा द्या. पण बोलण्याआधी तुम्हीही चार प्रश्न विचारा. तुम्ही कुठून आलात? हे कशासाठी हवं आहे? रेकॉर्डिंग कोण ऐकणार, आणि काम झाल्यावर त्याचं काय करणार? मी मध्येच थांबले तर चालेल ना? प्रामाणिक संशोधकाला या प्रश्नांचा राग येत नाही. त्याच्या अभ्यासक्रमातच ते शिकवलेले असतात.

आणि निरोप देताना दारात उभं राहून आणखी एक विचारा, "लिहून झालं की आम्हाला आमच्या भाषेत वाचून दाखवायला याल ना?"